वीस पिशव्यांचा भाव

ओतूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव उरकला की शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. कांद्याच्या चार प्रती, भावही चार, सगळे दहा किलोचे. समजा गोळा १८०, मध्यम १५०, गोल्टी १००, बदला ५०. घरी विचारणार, "काय भाव गेला?" चारही आकडे मिळवून चाराने भागले तर १२०. पण गोळ्याच्या पिशव्या होत्या १०, मध्यमच्या ४, गोल्टीच्या २, बदल्याच्या ४. प्रत्येक भावाला त्याच्या पिशव्यांनी गुणायचे, बेरजेला २० ने भागायचे, पडला १४०. यालाच भारित सरासरी म्हणतात, आणि पिशव्या हा भार.

पिशव्यांचे आकडे मी उसने घेतले, भास्कराचार्यांकडून. ११५० च्या 'लीलावती'त सोन्याचे चार तुकडे एकत्र आटवले आहेत: १३ वर्णांचे १० मासे, १२ चे ४, ११ चे २, १० चे ४. वर्ण म्हणजे कस, मासा हे वजन. गुणाकारांची बेरीज २४०, सोने २० मासे, म्हणून आटलेल्या सोन्याचा कस १२. नुसती कसांची सरासरी साडेअकरा येते. त्या हिशेबाने सोने विकत घेणाऱ्या सोनाराचे फावलेच असते.

मापातोलावर जगणारी माणसे इकडे जुनीच. ओतूरजवळच्याच जुन्नरच्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे.

भाराला एक धाकटा भाऊ आहे, पासंग. शब्द फारसी, त्यातला 'संग' म्हणजे दगड. तराजूचे एक पारडे झुकत असेल तर दुसरीकडे खडा बांधून काटा मध्यावर आणायचा. पाहणी करणारे आज हेच करतात. उत्तरे देणाऱ्यांत शहरी माणसे जास्त भरली, तर गावाकडच्यांच्या उत्तरांना वाढीव भार. माझ्या मते त्याला भार न म्हणता पासंगच म्हणावे. भार मालाचा असतो, पासंग काट्याच्या खोडीचा.

पगारातही भार शिरला आहे. महागाई भत्ता ज्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर ठरतो, त्यात प्रत्येक वस्तूला कुटुंबाच्या खर्चातल्या वाट्याएवढा भार. २००१ च्या मालिकेत खाण्यापिण्याला शंभरात सुमारे ४६ होता. २०१६ च्या मालिकेत ३९ वर आला. नारायणगावात टोमॅटोचे क्रेट कडाडले की मंचरच्या शाळेतल्या बाईंना वाटते, भत्ता आता चांगलाच वाढणार. निर्देशांकात मात्र टोमॅटोच्या वाट्याला गोल्टीसारख्या थोड्याच पिशव्या.