गिरणीचा खाडा आणि मतदानाची सुटी

मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुटी द्यावी की नाही, या प्रश्नाचा निवाडा करू पाहणाऱ्याने कायद्याचे पुस्तक उघडण्यापूर्वी मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास वाचावा, असे मला आग्रहाने वाटते. कारण श्रमिकाच्या पदरी मताचा हक्क पडण्याच्या कितीतरी आधी त्याला स्वतःच्या वेळेवरचा हक्क झगडून मिळवावा लागला होता.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतर तिसाहून अधिक वर्षे गिरणीतल्या माणसाला आठवड्याची ठरलेली सुटी अशी नव्हतीच. सणावारी यंत्रे थांबली, तरी ती पुसण्याझाडण्यासाठी त्यालाच बोलावणे येई. १८८४ मध्ये महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार, अशा साध्या मागण्या होत्या. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार एकत्र जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. ज्या काळात सुशिक्षित घरांतल्या स्त्रीलाही चारचौघांत बोलण्याची मुभा क्वचितच मिळे, त्या काळात त्या दोघींनी दाखवलेले धैर्य मला त्या साऱ्या चळवळीचे सर्वांत मोठे संचित वाटते. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

परंतु सुटी मिळाली म्हणून दिवस लहान झाला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही उरली नाही. प्रौढ पुरुषाच्या कामाला बारा तासांची सीमा १९११ च्या कायद्याने घातली, आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास पदरात पडायला १९४६ साल उजाडावे लागले. मध्यंतरी दुहेरी खाड्याची एक निष्ठुर वहिवाट चालू होती. जो एक दिवस गैरहजर राही, त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने तिला पायबंद घातला. या काळात मताचा अधिकार मिळकत, घरभाडे आणि कर यांवर ठरत असल्यामुळे चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या बहुसंख्य कामगारांना तो नव्हताच. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांची बाजू मांडणारे कामगारनेते ना. म. जोशी हेदेखील सरकारनियुक्त सभासद होते.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले, तेव्हा मतदारवर्ग काहीसा विस्तारला होता. पण प्रौढ मताधिकाराने गिरणगाव सरसकट मतदार झाले ते १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. मतदानाच्या दिवशी सरकारने सार्वजनिक सुटी जाहीर केली की कचेऱ्या आणि बँका बंद राहत. खासगी कारखान्याच्या दाराला मात्र त्या जाहीरनाम्याने आपोआप कुलूप लागत नसे.

आणि सुटी मिळाली तरी ती कोणाची? कायम कामगाराची. बदली कामगार पहाटे भोंग्यापूर्वी दरवाजापाशी येऊन उभा राही. कोणत्या साच्यावरचा माणूस आला नाही ते पाहून जॉबर, म्हणजे मुकादम, त्याला आत घेई, आणि पुष्कळदा त्या कृपेची दस्तुरीही वसूल करी. दरवाजा बंद राहिला, तर त्याच्या पदरी रिकामा दिवस येई. म्हणजे त्याच्या मताची किंमत त्याच्याच घरच्या चुलीने भरायची. मतदानाच्या सुटीचा खरा प्रश्न हा होता, आणि तो शासनाच्या ध्यानी यायला १९९६ साल लागले. लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्या वर्षी घातलेल्या कलम १३५ ब ने प्रत्येक मतदार कामगाराला मतदानाच्या दिवशी सुटी देऊन मजुरी कापण्यास मनाई केली. इतकेच नव्हे, तर ज्याला अशा दिवसाची मजुरी एरवी मिळाली नसती, त्यालाही ती द्यावी, असे स्पष्ट लिहिले. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान संभवते, त्याला तेवढे वगळले.

ही तरतूद मला सर्वस्वी न्याय्य वाटते. काही तासांची सवलत पुरे, असे म्हणणाऱ्यांनी लांबच्या उपनगरातून कामावर येणाऱ्या आणि घराजवळच्या केंद्रावर मत असणाऱ्या माणसाच्या वाटेचा हिशेब करून पाहावा. दुःख इतकेच, की १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेले होते, आणि ज्या बदली कामगाराला या कलमाचा सर्वाधिक आधार झाला असता, त्याच्यापर्यंत ते पोचलेच नाही. आज त्याच्या जागी कंत्राटी कामगार, बांधकामावरचा मजूर आणि दुकानातला नोकर उभा आहे. कायदा त्यांनाही लागू आहे. पण तो मोडणाऱ्या मालकाला दंड मात्र पाचशे रुपयांपर्यंतच, म्हणजे मुंबईतल्या कुशल कारागिराच्या एका दिवसाच्या मजुरीएवढाही नाही. तो वाढवल्यावाचून आणि तक्रार करणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहील अशी तजवीज केल्यावाचून ते कलम हजेरीपटावर उतरणार नाही.