गेंदाइतो, युद्धकालीन

दुसऱ्या महायुद्धातील जपानी लष्करी अधिकाऱ्यांच्या तलवारींपैकी परंपरागत रीतीने घडवलेल्या तलवारी. ‘शिन-गुन्तो’ हा लष्करी नमुना १९३४ मध्ये आला. त्याच्या म्यानांत बहुतेक कारखानी पातीच असत. ‘तामाहागाने’ नावाच्या पोलादाच्या घड्या घालून घडवलेली, पाण्यात विझवलेली पाती त्यामानाने थोडी. तोक्योच्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात १९३३ ते १९४५ दरम्यान अशी सुमारे ८,१०० पाती घडली. असे पाते ओळखण्यासाठी जाणता संग्राहक बांबूची खुंटी काढून मूठ उतरवतो आणि आधी नाकागो, म्हणजे पात्याचा मुठीतला भाग, पाहतो. तिथला ताऱ्याचा शिक्का लष्करमान्य लोहाराचा. ‘शोवा’ किंवा ‘सेकी’ शिक्का सहसा कारखानी पात्याचा. नाकागोवरचा काळपट गंज हा वयाचा पुरावा. तो घासून चकचकीत करणारा हौशी माणूस तलवारीचे मोल स्वतःच्या हाताने घालवतो.