पाळण्याआधी दार : थीम पार्कचं प्रवेशद्वार आणि पाळणे कसे ठरवतात?

शिरपूर जैन (ता. मालेगाव) : देवस्थानची यात्रा असो, कृषी पर्यटन केंद्र असो की रस्त्याकडेची बाग, लहान मुलांसाठी पाळणे लावायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाळणा कितीला पडते?" थीम पार्क उभारणारे जाणकार मात्र सुरुवात दारापासून करतात. माणूस आत कुठून येणार, कुठे थांबणार आणि पळापळ झाली तर बाहेर कुठून पडणार, हे आधी ठरतं. पाळण्याचा नंबर त्यानंतर लागतो. हा क्रम उलटा झाला तर पैसा जातोच, कधी जीवही जातात.

थीम पार्क म्हणजे काय?

जत्रेत आकाश पाळणा, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन, मौत का कुआँ शेजारी शेजारी उभे असतात. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. थीम पार्कमध्ये एक विषय धरून दार, रस्ते, रांगा, पाळणे आणि खाण्याची दुकानं एकाच गोष्टीत बसवलेली असतात.

खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेलं इमॅजिका हे राज्यातलं ठळक उदाहरण. तिथे 'मिस्टर इंडिया' या १९८७ च्या हिंदी सिनेमावर एक राइड आहे. पाण्यातल्या एका राइडला राजासॉरस या डायनासोरचं नाव दिलेलं आहे. राजासॉरस हा भारतातलाच प्राणी. गुजरातेत सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं. म्हणजे विषय परदेशातूनच आणला पाहिजे असं नाही.

वाशिम जिल्ह्यातही विषयांचा तुटवडा नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. कारंजा-सोहोळला काळविटांचं अभयारण्य आहे. बंजारा तांड्याची संस्कृती आहे. तिफणीपासून खळ्यापर्यंतचा शेतीचा प्रवास तर घरोघरचा आहे.

दारानेच गोष्ट सांगावी

चांगलं प्रवेशद्वार पाटी न वाचताही विषय सांगतं. याचा नमुना जिल्ह्यातच आहे. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवी इथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. चार मजली इमारतीत १३ दालनं आहेत आणि इमारतीला आकार नंगाऱ्याचा आहे. लांबून पाहणाऱ्यालाही आत काय असेल याचा अंदाज येतो.

दाराचं दुसरं काम म्हणजे बाहेरची दुनिया मागे टाकणं. मुंबईजवळ गोराई इथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या एस्सेल वर्ल्डला बरेच लोक खाडी ओलांडून बोटीने जात. पार्क २०२२ मध्ये बंद झालं, पण "एस्सेल वर्ल्डला गेलो होतो" म्हणणाऱ्यांना ती बोट आजही आठवते. तिकीट फाडण्याआधीच सहल सुरू झालेली असे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये रेल्वेच्या भरावाखालच्या बोगद्यातून आत जावं लागतं. बोगदा संपला की सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला किल्ला दिसतो. पाय आपोआप तिकडे वळतात, रस्ता विचारावा लागत नाही.

अरुंद, बुटकं दार माणसाला हळू करतं, मन एकाग्र करतं. जुन्या मंदिरांच्या बांधणीत याचा अनुभव येतो. पण शांत दर्शनाला शोभणारं दार तिकिटाच्या गर्दीला चालत नाही. म्हणून पार्कमध्ये गुहेचा, वाड्याचा किंवा भुयाराचा देखावा उभा करतात, मात्र आतली वाट रुंद, सपाट आणि उजेडाची ठेवतात.

दाराचं गणित

एका माणसाचं तिकीट तपासायला १० सेकंद धरले तर एका रांगेतून मिनिटाला ६ आणि तासाला ३६० माणसं आत जातात. संध्याकाळी एका तासात २,००० लोक येणार असतील तर किमान ६ रांगा हव्यात. पिशव्या तपासायच्या असतील तर आणखी जास्त. एकच फाटक ठेवलं तर तेवढ्याच लोकांना आत जायला साडेपाच तास लागतील, आणि तेवढा वेळ कोणी शांत उभं राहत नाही.

गर्दी मोजायचा एक ढोबळ हिशेब आहे. एका चौरस मीटरमध्ये चार-पाचपेक्षा जास्त माणसं झाली की स्वतःच्या मर्जीने हलता येत नाही, धक्का लागला की लाट तयार होते. त्यामुळे रांग सरळ लांब न ठेवता कठड्यांमधून वळवत नेतात. वरून सावली आणि मध्ये पाण्याची सोय ठेवतात. दर काही अंतरावर रांगेतून बाहेर पडायला वाटही ठेवतात.

मोठमोठ्यांचंही इथे चुकतं. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं तेव्हा खोट्या निमंत्रणांवर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक आत आले. ताजं डांबर उन्हाने मऊ पडून बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या आणि पिण्याच्या पाण्याचे नळ कमी पडले.

पाळणा निवडताना

आधी पाळण्याची तासाची क्षमता काढावी. २० जागांची ड्रॅगन ट्रेन घ्या. फेरी ३ मिनिटांची, चढ-उतार आणि कडी तपासायला २ मिनिटं. तासाला १२ फेऱ्या, म्हणजे २४० माणसं. बागेत १,००० लोक असतील आणि पाळणा एकच असेल, तर सगळ्यांची पाळी यायला चार तासांच्या वर लागतात. मग रेटारेटी होते, चालवणारा घाई करतो आणि कडी न तपासताच बटन दाबतो. घाईचं मूळ बरेचदा या गणितात असतं.

म्हणून एक मोठा पाळणा घेण्यापेक्षा वेगवेगळ्या वयाच्या लोकांसाठी तीन-चार मध्यम गोष्टी ठेवणं बरं. शेगावच्या गजानन महाराज संस्थानने उभारलेल्या आनंद सागरचं आकर्षण उंच पाळणे नव्हते. तलाव, मधल्या बेटावरचं ध्यान केंद्र, झाडांची सावली आणि छोटी रेल्वे यासाठी लोक जात. आजी, नातू आणि सून तिघंही त्या गाडीत एकत्र बसत. ग्रामीण भागात कुटुंब एकत्र फिरतं, हे ध्यानात ठेवून केलेली आखणी चालते.

काळी जमीन, ऊन आणि वारा

आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घराच्या भिंतींना तडे जातात ते यामुळेच. फिरणाऱ्या पाळण्याचा भार तर सतत हलता असतो. अशा मातीवर विटा-फळ्या ठेवून पाळणा उभा करणं धोक्याचं आहे. पाया खालच्या मुरमापर्यंत किंवा कठीण थरापर्यंत गेला पाहिजे आणि त्याचा आराखडा अभियंत्याकडूनच हवा.

मे महिन्यात लोखंडी घसरगुंडी हात भाजेल इतकी तापते. अवकाळीचा वारा सुटला की उंच पाळणा लगेच थांबवावा लागतो, तो कधी थांबवायचा हे आधीच लिहून ठेवावं लागतं. जनरेटर आणि पाळण्याचा सांगाडा, दोन्हींना अर्थिंग लागतं.

अपघात काय शिकवतात?

२५ जानेवारी २००५ ला सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास ३०० भाविक गेले. अरुंद चढाची वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि कडेच्या दुकानांना लागलेली आग, सगळं एकाच वेळी आलं. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोक्यासारखी राइड तुटून दोघांचा मृत्यू झाला. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागून २७ जण दगावले. पत्र्याचं तात्पुरतं बांधकाम, आत इंधनाचा साठा आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नाही, अशी तिथली स्थिती होती.

तीनपैकी दोन ठिकाणी पाळण्याचा काही संबंध नव्हता. मारलं ते वाटेने आणि दाराने.

कागदपत्रं कोणती?

पाळण्यांच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे मानक आहे. सार्वजनिक करमणुकीच्या जागेला महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ खालच्या नियमांनुसार परवाना लागतो. आगीसाठी राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. गर्दीच्या नियोजनासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये मार्गदर्शिका काढली आहे.

जागा देण्याआधी हे विचारा

यात्रा समिती, ग्रामपंचायत किंवा पाळण्यासाठी शेत भाड्याने देणारा शेतकरी, कोणीही असो, खालील गोष्टी तपासून घ्याव्यात :

• आत जायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी आहे का? संकटात उघडायला तिसरी वाट आहे का? तिच्यासमोर दुकान किंवा मोटारसायकली लागल्या तर नाहीत?
• ॲम्बुलन्स आणि अग्निशमनची गाडी पाळण्यापर्यंत पोचते का?
• पाळण्याची शेवटची तपासणी कोणत्या अभियंत्याने केली, कोणत्या तारखेला? रोज सकाळी रिकामी फेरी मारून नोंद ठेवली जाते का?
• बसण्याची उंचीची खूण दारावरच लावली आहे का? तासभर रांगेत उभं राहून लेकरू परत फिरवलं की भांडण होतं आणि चालवणारा नियम सोडतो.
• विमा कोणाच्या नावावर आहे आणि अपघात झाला तर जबाबदार कोण, हे भाडेकरारात लिहिलं आहे का?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नये. कागद दाखवला तरच जागा द्यावी.