ओच्यातला राजा

११३६ साली बर्गेनमध्ये हारल्ड गिले मारला गेला, तेव्हा त्याचा औरस पुत्र इंगे जेमतेम वर्षाचा होता आणि सावत्रभाऊ सिगुर्द तीनएक वर्षांचा. दोघांनाही राजे घोषित करण्यात आले. राजाचा कोणताही पुत्र, औरस असो वा अनौरस, नॉर्वेच्या गादीवर हक्क सांगू शके. ११३०पासूनच्या यादवीचे एक मूळ या रिवाजात आहे.

११३७च्या मिन्नेच्या लढाईत दोन वर्षांच्या इंगेला थ्योस्टोल्फ या सरदाराने वस्त्राच्या ओच्यात घेऊन निशाणाखाली झुंज दिली. स्नोर्रीचा 'हाइम्सक्रिंग्ला' सांगतो, की तेथेच मुलाला व्यंग जडले : पाठीला कुबड आले, एक पाय खुरटला. वैद्यकाच्या कसोटीवर हे टिकेल की नाही, हा प्रश्न मला गौण वाटतो. हे मूल रणात कोणाला हवे होते, ते सागाकाराने त्या कुबडावरच लिहून ठेवले आहे.

प्रतिपक्षाकडे होता मॅग्नस. हारल्डनेच ११३५मध्ये त्याचे डोळे काढवले होते. (आपल्याला धृतराष्ट्र आठवतो; पण हा आंधळा रणात उतरला.) ११३९मध्ये होल्मेनग्राच्या आरमारी लढाईत एका अनुयायाने त्याला हातांवर उचलले असतानाच तो भाल्याने मारला गेला.

सिगुर्दला ११५५मध्ये इंगेच्याच माणसांनी मारले. ११६१मध्ये ओस्लोजवळच्या बर्फावर इंगे पडला, तो सिगुर्दपुत्र हाकोनच्या सैन्याशी लढताना. या हाकोनलाही दहाव्या वर्षीच राजा म्हणून पुढे करण्यात आले होते.