प्रेस्टनचा प्लंबर

खेळाडूंनीं लिहिलेल्या आत्मवृत्तांना वाङ्मयाच्या दरबारांत सहसा मानाची जागा मिळत नाहीं. त्यांत बहुधा विजयांची यादी असते, आणि यादी वाचून कोणाचें मन उन्नत होत नाहीं. परंतु टॉम फिनी या इंग्रज फुटबॉलपटूनें वयाची ऐंशी उलटल्यावर, २००३ सालीं, आपलें जें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें, तें या वर्गांतलें नव्हे. त्यांत एका सज्जनाचें शील आहे. आणि त्याला नकळत कां होईना, एका अन्यायाचा पुरावाही आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

लँकेशायर परगण्यांतील प्रेस्टन हें एके काळचें कापडगिरण्यांचें शहर. सूत कातण्याच्या यंत्रानें जगाचें रूप पालटणारा रिचर्ड आर्कराइट येथेंच १७३२ सालीं जन्मला. ज्यांना मुंबईचें गिरणगांव ठाऊक आहे, त्यांना भोंग्याच्या तालावर चालणाऱ्या अशा वस्तीचें वर्णन सांगावयास नको. या गांवच्या फुटबॉल क्लबनें १८८४ सालीं एक धाडसाची गोष्ट केली. खेळाडूंस पैसे देणें त्या काळीं निषिद्ध होतें. पुष्कळ क्लब तें चोरून देत. प्रेस्टनचा चालक मेजर सडेल यानें मात्र ती गोष्ट उघडपणें कबूल केली. त्यावरून मोठें वादळ उठलें आणि त्याची परिणति १८८५ सालीं धंदेवाईक खेळास मान्यता मिळण्यांत झाली. पुढें १८८८-८९ सालीं पहिली लीग स्पर्धा झाली, ती प्रेस्टननें एकही सामना न हरतां जिंकली.

परंतु एका दारानें आलेला न्याय दुसऱ्या दारानें बाहेर गेला. १९०१ सालापासून खेळाडूच्या वेतनास आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा पडली. शिवाय करार संपला तरी क्लबच्या संमतीवांचून खेळाडूला दुसरीकडे जातां येत नसे. मर्यादेचा आंकडा कालांतरानें वाढत गेला, पण बंधन तसेंच राहिलें.

अशा व्यवस्थेंत फिनीचा उदय झाला. तो ५ एप्रिल १९२२ रोजीं प्रेस्टन येथेंच जन्मला. आई लहानपणींच गेली. अंगानें मुलगा किरकोळ. क्लबनें त्याला पोरवयांतच जागा देऊं केली, तेव्हां वडिलांनीं निक्षून सांगितलें कीं, आधीं प्लंबरच्या धंद्यांतली उमेदवारी पुरी झाली पाहिजे, मग खेळ. मुलानें तें ऐकलें. पुढें महायुद्धांत तो ईजिप्त आणि इटली येथें रणगाड्यावर होता. लीगमधील त्याचा पहिला सामना १९४६ च्या ऑगस्टमध्यें झाला, तेव्हां तो २४ वर्षांचा होता. ज्या वयांत खेळाडूला बहर येतो, त्या वयाचा मोठा हिस्सा युद्धानें नेला होता.

उरलेल्या वर्षांत त्यानें जें केलें, तें मात्र थोडें नव्हे. इंग्लंडतर्फे ७६ सामने आणि ३० गोल. प्रेस्टनतर्फे लीगचे ४३३ सामने आणि १८७ गोल. उजवी बाजू, डावी बाजू, मधली जागा, कोठेंही तो सारख्याच सफाईनें खेळे. त्याचा जुना सहकारी बिल शँक्ली म्हणे कीं, ओव्हरकोट घालून खेळला असता तरी फिनी कोणत्याही काळांत श्रेष्ठच ठरला असता. पंचांनीं त्याला कधीं मैदानाबाहेर घालविलें नाहीं. आणि हा राष्ट्रीय कीर्तीचा पुरुष कित्येकदां सामन्याच्या दिवशींही सकाळीं नळाचीं कामें उरकून मैदानावर येई!

१९५२ सालीं इंग्लंडचा संघ इटलींत गेला असतां, सिसिलींतील पालेर्मो क्लबचा अध्यक्ष प्रिन्स लान्झा दि त्राबिया यानें त्याच्यापुढें एक प्रस्ताव ठेवला: आरंभीं १०,००० पौंड, दरमहा १३० पौंड, राहावयास बंगला आणि मोटार. त्या वेळीं इंग्लंडांत कमाल वेतन आठवड्याला १४ पौंड होतें. प्रेस्टनच्या चालकांनीं साफ नकार दिला, आणि फिनी मुकाट्यानें घरीं परतला. ज्या क्लबनें खेळाडूच्या मोलाची कबुली सर्वांआधीं उघडपणें दिली होती, त्याच क्लबच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूवर हा प्रसंग यावा, हा इतिहासाचा विनोद खरा. पण तो फार कडवट विनोद आहे.

फिनीच्या लेखणींत मात्र ती कटुता उतरलेली नाहीं. म्हणून कित्येक वाचक त्याच्या नम्रतेची थोरवी गाऊन पुस्तक मिटतात. मला येथें थोडें थांबावेंसें वाटतें. जी नम्रता मनुष्य आपण होऊन अंगीकारतो, ती त्याचें भूषण होय. परंतु तिच्या आडोशानें दुसरा कोणी आपला लाभ साधीत असेल, तर त्या लाभाचा हिशेब विचारणें हें तिऱ्हाईताचें कर्तव्य ठरतें. फिनी न रडतां जगला, याचें कारण वडिलांनीं त्याच्या हातीं दिलेला धंदा. ज्याच्या हातीं असा धंदा नव्हता, त्याला उतारवयांत कोणाचा आधार होता?

फिनीनें एप्रिल १९६० मध्यें खेळ सोडला. पुढच्याच हंगामांत प्रेस्टन खालच्या श्रेणींत उतरला. जानेवारी १९६१ मध्यें खेळाडूंच्या संघटनेनें संपाची सिद्धता केल्यावर वेतनमर्यादा रद्द झाली; १९६३ सालीं ईस्टहॅम खटल्यांत न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं क्लबच्या त्या जुन्या हक्कास व्यवसायावरील अवाजवी बंधन ठरविलें. फिनीला या दोहोंचा लाभ झाला नाहीं. तो आपल्या नळांच्या धंद्याकडे वळला. १९९८ सालीं त्याला 'सर' हा किताब मिळाला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजीं तो निवर्तला.

डीपडेल मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. १९५६ सालीं साचलेल्या पाण्यांतून चेंडूमागें धांवतांना त्याचें जें छायाचित्र निघालें, त्यावरून तो घडविलेला आहे. त्या पुतळ्यापुढें मान लववावी. पण त्याच वेळीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, सज्जनाच्या मौनाला संमति समजण्याचा अधिकार कोणालाही नाहीं.