गांव, परगणा आणि हुजूर

नृसिंहवाडीस कृष्णा व पंचगंगा यांचा संगम आहे. पावसाळ्यांत पाणी श्रीदत्तमंदिरांत शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारानें बाहेर पडतें, तेव्हां भाविक त्या द्वारीं स्नान करितात. तेंच पाणी आणखी चढलें म्हणजे सोहळा संपून गांव सोडण्याची वेळ येते. अशा वेळीं निर्णय कोणीं करावा? देशास एकच सरकार पुरे, मधल्या पायऱ्या म्हणजे निव्वळ खर्च, असें म्हणणारांस आम्ही या संगमाचाच दाखला देतों.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत एक, दहा, वीस, शंभर व हजार गांवांचे अधिपति सांगितले असून, गांवांत उद्भवलेले दोष ग्रामिकानें वरच्यास कळवावे असा क्रम आहे. मराठी अमदानींत गांवीं पाटील-कुळकर्णी, परगण्यांत देशमुख-देशपांडे व वर हुजूर. वतनाचा कज्जा गोतसभेंत चाले व त्याचा महजर होई. ज्यांच्या दप्तरीं असे महजर आहेत त्यांनीं पाटलाचा नांगर व वाण्याचा तराजू या निशाण्या पाहिल्याच असतील. सत्य ठरविण्यास गांवची साक्ष लागे, हेंच त्या निशाण्या सांगतात.

परंतु दुसरी बाजूही विसरतां येत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत वतनदार हे राज्याचे दायादच होऊं पाहतात, अशी स्पष्ट सूचना आहे. मधली पायरी वंशपरंपरेनें एकाच घरीं राहिली कीं ती पायरी न राहतां भिंत होते.

इ. स. १७३१ च्या वारणेच्या तहानें वारणेच्या दक्षिणेचा हा मुलूख करवीरकडे राहिला. पुढें पंचगंगेपलीकडे कुरुंदवाडास पटवर्धनांचें संस्थान झालें. शेजारीं शेजारीं अनेक राज्यें असणें मात्र निराळें आणि एका राज्याच्या अनेक पायऱ्या असणें निराळें. पहिल्यांत नदी ही सीमा होते, दुसऱ्यांत ती सर्वांची जबाबदारी. ता. ८ मार्च १९४८ रोजीं कुरुंदवाड व ता. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर मुंबई प्रांतांत विलीन झालें. ता. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या आणि १९९३ सालीं ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींस घटनेचा आधार मिळाला. नव्या पायऱ्यांवर वंश नव्हे, निवडणूक बसली, हा भेद मोठा आहे.

२००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनीं या रचनेची परीक्षा घेतली. कोणाच्या उंबऱ्यास पाणी आधीं लागतें हें ग्रामपंचायत जाणते. नावा व छावण्या जिल्ह्यानें पुरवाव्या लागतात. कोयनेचा विसर्ग महाराष्ट्राच्या हातीं, तर खालचें अलमट्टी धरण कर्नाटकांत. दोन राज्यांचा तंटा त्यांपैकीं एकानें तोडावा हा न्याय नव्हे. म्हणूनच कृष्णेच्या पाण्यासाठीं १९६९ सालीं केंद्रानें लवाद नेमिला.

यावरून आमचें मत असें कीं पायऱ्या हव्यात. पण प्रत्येकीस आपला अधिकार, आपला पैसा व वरखालीं द्यावयाचा हिशेब हवा. यांपैकीं एक जरी नसला, तरी पूर येतो तेव्हां गांव हुकुमाची वाट पाहत राहतें आणि पाणी कोणाचीच वाट पाहत नाहीं.