‘मस्जिद परिचय’ म्हणजे काय? मुस्लिम नसलेल्यांनी मशिदीत जाताना काय लक्षात ठेवावं?

भोंग्यावरची अजान ऐकू येते, शुक्रवारी दुपारी गर्दी दिसते. पण मशिदीच्या आत काय चालतं, हे शेजारी राहूनही अनेकांना माहीत नसतं. ती पोकळी मग व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज भरून काढतात. म्हणूनच काही मशिदी एखाद्या दिवशी सर्वधर्मीयांना आत बोलावतात. महाराष्ट्रात अशा कार्यक्रमाला ‘मस्जिद परिचय’ म्हणतात. जर्मनीत १९९७ पासून दरवर्षी ३ ऑक्टोबरला ‘खुल्या मशिदीचा दिवस’ असतो. ब्रिटनमध्ये २०१५ साली असाच उपक्रम सुरू झाला.

आत काय दिसतं?

मशिदीत मूर्ती किंवा चित्र नसतं. समोरच्या भिंतीत कमानीसारखा कोनाडा असतो, तो मेहराब. तो मक्केतल्या काबागृहाची दिशा दाखवतो. आपल्याकडे ती पश्चिमेला येते. शेजारी पायऱ्यांचं आसन म्हणजे मिंबर. शुक्रवारी इमाम त्यावरून प्रवचन देतात, त्याला खुतबा म्हणतात. हौदावर किंवा नळावर हात, तोंड, पाय धुण्याच्या विधीला वजू म्हणतात. वजू करून लोक खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहतात. रांगेत कुणासाठी राखीव जागा नसते.

अजानमध्ये बादशहा अकबराचं नाव असतं का?

नाही. अरबीत ‘अकबर’ म्हणजे सर्वात मोठा. ‘अल्लाह सर्वात महान आहे’ असा त्या शब्दांचा अर्थ आहे. अजान सातव्या शतकापासून दिली जाते. अकबराचा जन्म १५४२ चा.

कुणालाही जाता येतं का?

मक्का शहरात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. भारतात मात्र सरसकट बंदी नाही. प्रत्येक मशिदीची रीत वेगळी असते. त्यामुळे आधी विचारून जावं. परिचय कार्यक्रमात महिलांनाही बोलावतात. एरवी अनेक मशिदींत महिलांसाठी वेगळी जागाच नसते. पुण्यातल्या एका दाम्पत्याने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. तेव्हा महिला मशिदीत नमाज पढू शकतात, असं मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये प्रतिज्ञापत्रात म्हटलं.

जाताना काय पाळावं?

- अंगभर कपडे घाला. महिलांनी ओढणी किंवा स्कार्फ जवळ ठेवावा.
- चपला बाहेर काढा, मोबाइल सायलेंट करा.
- नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका. मागे बसून पाहता येतं. तुम्ही नमाज पढावी अशी अपेक्षा नसते.
- फोटो विचारूनच काढा.

काय विचारावं?

भोंगे, तलाक, महिलांचा प्रवेश असे अवघड प्रश्नही विचारता येतात. मात्र आयोजक अनेकदा धार्मिक संघटनेचे असतात आणि आपला धर्म आपल्या नजरेतून मांडतात, हे ध्यानात ठेवा. पुस्तकं दिली तर घ्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा. शिवाय सुन्नी, शिया, बोहरा यांच्या रीती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे एका मशिदीवरून सगळ्या मुस्लिमांबद्दल मत बनवू नका. पुढचा फॉरवर्ड आला, की तो खरा आहे का हे विचारायला ओळखीचं एक माणूस मिळालं, तरी ही भेट सार्थकी लागली म्हणायची.